गरुडाची चोच आणि अल्ट्रामॅनचे डोळे

जत्रेतून आणलेला पुठ्ठ्याचा मुखवटा लहानपणी तुम्हीही कधी ना कधी तोंडावर बांधला असेल. वाघाचा, माकडाचा, नाहीतर मारुतीचा. कानांच्या बाजूला दोन भोकं आणि त्यांत ओवलेलं इलॅस्टिक. मुखवटा बांधला, की पहिली अडचण ठरलेली. त्याच्या डोळ्यांची भोकं आपल्या डोळ्यांसमोर कधी म्हणून येत नसत. मग एका हातानं मुखवटा धरायचा, मान वाकडी करायची आणि एका भोकातून एका डोळ्यानं बघत अंगणभर डरकाळ्या फोडत धावायचं. वाघोबा हमखास तुळशीवृंदावनाला धडकायचे. बघणाऱ्यांना वाघ दिसत होता, वाघाला मात्र काहीच दिसत नव्हतं.

वरवर क्षुल्लक वाटणारी ही अडचण मुखवट्यांच्या इतिहासात फार मोठी आहे. मुखवटा घडवणाऱ्याला त्याचं रूप निर्दोष हवं असतं. तो घालून नाचणाऱ्याला बघायला आणि श्वास घ्यायला जागा हवी असते. या दोघांची ओढाताण जितका मुखवटा जुना तितकीच जुनी आहे. आज मी तुम्हाला अशा एका मुखवट्याची गोष्ट सांगणार आहे, ज्यात हजार-बाराशे वर्षांची लोककथा आणि अंतराळयुगातली विज्ञानकथा एका चेहऱ्यावर नांदायला आली. ही गोष्ट जपानची आहे. पण तिचं एक टोक आपल्या गरुडापर्यंत येऊन पोचतं.

१७ जुलै १९६६ हा रविवार होता. त्या संध्याकाळी जपानच्या टीबीएस वाहिनीवर ‘अल्ट्रामॅन’ नावाची मालिका सुरू झाली. एम ७८ नावाच्या तेजोमेघातून आलेला, चाळीस मीटर उंचीचा, चंदेरी अंगावर लाल पट्टे असलेला एक परग्रहवासी पृथ्वीवर येतो, अक्राळविक्राळ राक्षसी प्राण्यांशी झुंजतो आणि आकाशात परत जातो. पृथ्वीवर त्याला जेमतेम तीन मिनिटं मिळतात. अवघे एकोणचाळीस भाग झाले. पण त्या पात्राचा वंश अजून खुंटलेला नाही. त्याची बाहुली खेळण्यांच्या दुकानात तुमच्या नातवंडांनीही ओळखली असेल.

आता घटकाभर त्या वेळच्या कलाकाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. १९५७ मध्ये स्पुटनिक आकाशात गेला होता, १९६१ मध्ये गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून आला होता. अंतराळातून कुणी येऊ शकेल, ही कल्पना आता केवळ आजीच्या गोष्टीतली राहिली नव्हती. पण येणाऱ्याचा चेहरा कसा असेल? कुणी पाहिलाच नाही, तर काढायचा कसा? अगदीच अनोळखी काढला, तर प्रेक्षकाचा जीव त्याच्यात गुंतणार नाही. अगदी ओळखीचा काढला, तर तो नाटकातलं सोंग वाटेल. म्हणजे निम्मा ओळखीचा आणि निम्मा परका असा चेहरा हवा. हे ऐकायला सोपं आहे, करायला नाही.

आणि मुखवट्यांच्या बाबतीत ‘ओळखीचं’ म्हणजे काय, हे समजायचं तर बरंच मागे जावं लागतं.

इसवी सन ६१२. कोरियातल्या बेकजे राज्यातून मिमाजी नावाचा एक कलावंत जपानात आला आणि त्यानं तिथल्या मुलांना मुखवटे घालून करायचा एक नाच शिकवला, अशी नोंद जपानच्या प्राचीन बखरीत आहे. या कलेला ‘गिगाकु’ म्हणतात. बुद्धमंदिरांच्या आवारात मिरवणूक निघायची आणि तिच्यात एकापाठोपाठ एक सोंगं यायची. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात देवदानवांचे मुखवटे एकामागून एक नाचत येतात, ते ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे चित्र डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. गिगाकुच्या मिरवणुकीत सिंह असे, दारू पिऊन झिंगलेला परदेशी राजा असे, आणि ‘बारामोन’ही असे. बारामोन म्हणजे आपला ब्राह्मण! हा बारामोन काय करतो, ते १२३३ मध्ये लिहिलेल्या एका जुन्या संगीतग्रंथात नोंदलेलं आहे. तो बाळाचे लंगोट धुतो. हिंदुस्थानातून निघालेला ब्राह्मण चीन-कोरिया ओलांडून जपानात पोचेपर्यंत त्याच्या विद्वत्तेचं काय झालं, हे देव जाणे. पण प्रेक्षक पोट धरून हसत असणार, यात शंका नाही.

याच मिरवणुकीत चोच असलेला एक मुखवटा यायचा. त्याचं नाव ‘कारुरा’. कारुरा म्हणजे गरुड. बुद्धधर्माबरोबर आपले कितीतरी देव आणि उपदेव पूर्वेकडे गेले, त्यांत विष्णूचं हे वाहनही गेलं आणि तिकडे धर्माचं रक्षण करणाऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसलं. लाकडात कोरलेले किंवा लाखेत भिजवलेल्या कापडाचे थर देऊन घडवलेले गिगाकुचे शंभराहून अधिक मुखवटे आजही जपानात जपून ठेवलेले आहेत. त्यांतले कितीतरी इसवी सन ७५२ सालचे आहेत.

हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी नारा शहरातल्या तोदाइजी मंदिरात वैरोचन बुद्धाची पंधरा मीटर उंचीची प्रचंड मूर्ती पुरी झाली, आणि तिचे डोळे उघडण्याचा सोहळा झाला. मूर्तीच्या डोळ्यांत बुबुळं रेखायचा मान एका भारतीय भिक्षूला मिळाला. त्याचं नाव बोधिसेन. ७३६ मध्ये चीनमार्गे तो जपानात आला होता. त्यानं हातात धरलेल्या कुंचल्याला लांबच लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या दोऱ्या हातांत धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडण्याचं पुण्य प्रत्येकाच्या वाट्याला यावं. तो कुंचला आणि ती निळी दोरी आजही नाराच्या शोसोइन भांडारात आहे. याच सोहळ्यात गिगाकुचे मुखवटे नाचले.

पेणच्या गणपतींच्या कारखान्यात तुम्ही कधी गेला असाल, तर डोळ्यांच्या आखणीचं काम कुणाला देतात हे तुम्हाला ठाऊक असेल. रंग कुणीही लावील, पण डोळ्यांची आखणी कसबी हाताचीच. कारण डोळे उघडेपर्यंत ती माती असते. नारामध्येही हाच विचार होता. घडवलेल्या रूपात जीव येतो तो डोळ्यांच्या वाटेनं.

पुढच्या काही शतकांत गिगाकुची मिरवणूक मागे पडली. चोचीचा चेहरा मात्र नाहीसा झाला नाही. तो मंदिराच्या आवारातून निघून डोंगरात गेला. जपानी लोककथांत ‘तेंगू’ नावाचा एक डोंगरभूत आहे. पंख असलेला, चोचीचा, भिक्षूंची खोड काढणारा, गर्विष्ठांची जिरवणारा. त्याच्या चोचीच्या रूपामागे कारुराचा मुखवटा असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. पुढे चोचीचं लांबलचक नाक झालं आणि लाल चेहऱ्याचा, नाकाडा तेंगू घरोघरी पोचला. बाराव्या शतकातल्या एका मोठ्या कथासंग्रहात तर एका तेंगूची कथा थेट ‘तेन्जिकु’मधून, म्हणजे हिंदुस्थानातून सुरू होते. या तेंगूला समुद्राच्या पाण्यातून बुद्धवचनाचा ध्वनी ऐकू येतो. सगळं अनित्य आहे, असं ते पाणीच म्हणत असतं. हा ध्वनी येतो तरी कुठून, याचा माग काढत तो चीन ओलांडून जपानातल्या हिएइ पर्वतावर पोचतो. पाहतो तर काय, तो ओहोळ भिक्षूंच्या शौचकूपातून येतोय! जिथलं सांडपाणीही उपदेश करतं, तिथले भिक्षू केवढे असतील, असं म्हणून तेंगू तिथंच शरण जातो आणि पुढच्या जन्मी भिक्षू होतो. लोककथेची ही ताकद असते. ती थट्टाही करते आणि हात जोडायलाही लावते.

याच्याही पुढचा टप्पा म्हणजे ‘नो’ नाट्य. चौदाव्या-पंधराव्या शतकात झेआमी या थोर नटनाटककारानं त्याला आकार दिला. ‘नो’चा लाकडी मुखवटा माणसाच्या चेहऱ्याहून लहान असतो. नटाची हनुवटी खालून दिसत राहते. तरुण स्त्रीच्या मुखवट्यावर ना धड हसू असतं, ना धड रडू. कोरणारा ते मुद्दामच मधोमध ठेवतो. नट मुखवटा किंचित वर उचलतो, त्यावर उजेड पडतो आणि चेहरा खुलतो. याला ‘तेरासु’, म्हणजे उजळणं, म्हणतात. किंचित खाली झुकवतो, सावली पडते आणि चेहरा मलूल होतो. याला ‘कुमोरासु’, म्हणजे झाकोळणं, म्हणतात. लाकूड तेच, चेहरा मात्र बदलतो.

आणि डोळे? ‘नो’च्या मुखवट्याच्या डोळ्यांना अगदी लहान भोकं असतात. आतल्या नटाला रंगमंच जवळजवळ दिसतच नाही. मग तो पडत कसा नाही? रंगमंचाच्या एका कोपऱ्यात एक खांब असतो. त्याचं नावच ‘नजर लावायचा खांब’. तेवढा एक खांब त्या भोकातून दिसला, की आपण कुठे उभे आहोत याचा अंदाज नट बांधतो. म्हणजे मुखवट्याचं रूप बिघडू नये म्हणून जपान्यांनी भोक मोठं केलं नाही, रंगमंचावर खांब ठेवला! बघायला गेलं तर खांब प्रेक्षकांच्या आड येतो, पण त्यांनी तो सोसला.

आता आपण १९६५-६६च्या टोकियोत परत येऊ.

त्सुबुराया प्रॉडक्शन्स या कंपनीत तोरू नारिता नावाचे एक कलाकार काम करत होते. जन्म १९२९चा, बालपण जपानच्या उत्तरेकडच्या आओमोरी भागातलं. तान्हेपणीच चुलीच्या विस्तवात त्यांचा डावा हात भाजला होता, त्यामुळे पुढे सगळी चित्रं उजव्या हातानंच काढली. शिक्षणानं ते शिल्पकार. १९५४च्या ‘गॉडझिला’ चित्रपटात चिरडायच्या छोट्या छोट्या इमारती करण्याचं काम त्यांनी पोटासाठी केलं होतं.

नव्या मालिकेसाठी नायक हवा होता. सुरुवातीच्या आराखड्यात त्याचं नाव होतं ‘बेम्युलर’, आणि त्याचं पहिलं रूप कसं होतं? पंख असलेला, चोचीचा! अंतराळातून येणारा पाहुणा काढायचा म्हटल्यावर कागदावर आधी उतरला तो कारुरा, तो डोंगरातला तेंगू. बाराशे वर्षांची वाट चालून गरुड इथंही हजर होता.

पण तो नापास झाला. नायकही राक्षसी आणि त्याचा शत्रूही राक्षसी. मग पोरांनी टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? हरकत रास्त होती. त्यानंतर ‘रेडमॅन’ नावाचा लाल अंगाचा नायक कागदावर आला, तोही अजून राक्षसी वळणाचाच. बेम्युलर हे नाव मात्र वाया गेलं नाही. पहिल्याच भागात नायकाकडून मार खाणाऱ्या प्राण्याला ते देऊन टाकण्यात आलं.

यानंतर नारितांनी जे केलं, त्यात मला या गोष्टीचं सार दिसतं. जुनं आणि नवं एकत्र करायचं म्हटलं, की आपण काय करतो? बेरीज करतो. शिंगं घ्या, चोच घ्या, वर दोन तारा आणि एक दिवा लावा, झाला अंतराळातला राक्षस. नारितांनी वजाबाकी केली. चोच काढली. पंख काढले. भुवया, नाकपुड्या, केस, दागदागिने, सगळं एकेक करून काढत नेलं. शेवटी उरलं एक गुळगुळीत डोकं, त्याच्या मधोमध एक उभा तुरा, दोन मोठे लंबगोल डोळे आणि मिटलेले ओठ. अंग चंदेरी, अग्निबाणासारखं. नारितांच्या रेखाटनावरून तो मुखवटा घडवला अकिरा सासाकी यांनी.

त्या मिटलेल्या ओठांवर एक हसू आहे. आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. प्राचीन ग्रीक पुतळ्यांच्या ओठांवर असं हसू असतं. क्योतोतल्या कोर्यूजी मंदिरात चिंतनात बसलेली मैत्रेय बोधिसत्त्वाची लाकडी मूर्ती आहे, तिच्या ओठांवरही हेच हसू आहे. खरा बलवान माणूस लढताना किंचित हसत असेल, असा विचार आपल्या मनात होता, असं नारितांनी पुढे सांगितलं. आता ‘नो’चा मुखवटा आठवा. रागाचा एकही स्नायू नसलेला हा चेहरा उजेडात प्रसन्न दिसतो, सावलीत दुःखी दिसतो, खालून पाहिला तर कठोर वाटतो. जी युक्ती पाचशे वर्षं मेणबत्तीच्या आणि उन्हाच्या उजेडात चालली, तीच आता स्टुडिओच्या दिव्यांखाली चालली.

लोककथा आली ती अशी. वर चिकटवलेल्या चोचीतून ती आली नाही, आतल्या बांधणीतून आली. मालिकेचे प्रमुख लेखक तेत्सुओ किंजो हे ओकिनावाचे. १९६६ मध्ये ओकिनावा बेटं अमेरिकेच्या ताब्यात होती, ती १९७२ मध्ये जपानला परत मिळाली. समुद्रापलीकडच्या ‘निराई कनाई’ नावाच्या भूमीतून देव वर्षातून कधीतरी येतात, सुख देतात आणि परत जातात, अशी तिथली श्रद्धा. जपानभर असे ‘येणारे देव’ आहेत. उत्तरेकडच्या अकितामध्ये वर्षाच्या शेवटच्या रात्री ‘नामाहागे’ येतात. उग्र मुखवटे आणि गवताचे झगे घालून गावातली माणसंच घरोघर शिरतात, आळशी आणि रडक्या पोरांना दरडावतात, घरधन्याकडून पाहुणचार घेतात आणि निघून जातात. २०१८ मध्ये युनेस्कोनं अशा मुखवटेधारी देवांच्या दहा विधींची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत एकत्र नोंद केली. दुरून यायचं, संकट निवारायचं आणि मुक्काम न करता जायचं. तीन मिनिटांचा अल्ट्रामॅन याच पाहुण्यांच्या कुळातला आहे, असं अनेक समीक्षकांना वाटतं, आणि ते पटण्यासारखं आहे.

नायकाच्या शत्रूंची रूपंही नारितांचीच. ती करताना त्यांनी स्वतःला तीन नियम घालून घेतले होते. पहिला, नुसता एखादा प्राणी मोठा करून राक्षस म्हणायचं नाही. दुसरा, दोन डोकी, चार हात असलं भुताखेताचं रूप करायचं नाही. तिसरा, अंग फाटलेलं, जखमी, रक्ताळलेलं दाखवायचं नाही. मुलांना भीती वाटली तरी चालेल, किळस वाटता कामा नये. शरीरातल्या व्यंगाला राक्षस म्हणायला त्यांनी नकार दिला, असाही याचा अर्थ होतो. भाजलेल्या हाताच्या माणसानं हे ठरवावं, याचा संबंध लावायचा की नाही, हे ज्याचं त्यानं पाहावं. या मर्यादेतच त्यांना नव्या वाटा सापडल्या. गोमोरा नावाच्या त्यांच्या एका राक्षसाच्या डोक्यावर मोठी अर्धचंद्राकार शिंगं आहेत. ती आली सतराव्या शतकाच्या आरंभीचा सरदार कुरोदा नागामासा याच्या शिरस्त्राणावरून. मालिकेत या गोमोरानं ओसाकाचा किल्ला पाडला. इतिहासातलं शिरस्त्राण घालून इतिहासातलाच किल्ला पाडायचा, हे नारितांच्या पोरसवदा प्रेक्षकांना कळलं नसेल, पण त्यांच्या वडिलांना गंमत वाटली असेल.

इथपर्यंत सगळं कागदावरचं आणि मातीतलं झालं. आता मुखवटा माणसाच्या डोक्यावर चढायचा होता.

त्या पोशाखात शिरले बिन फुरुया, बाविशीतले एक उंच, सडपातळ नट. त्यांची अंगयष्टी पाहून नारितांनीच त्यांची निवड केली होती. पाणबुड्यांच्या रबरी पोशाखावर बेतलेलं ते अंगरखं अंगाला घट्ट चिकटलेलं, पाठीवर चेन. मुखवटा डोक्यावर बसवला, आणि जत्रेतल्या वाघाची अडचण उभी राहिली. आतून काहीही दिसेना. ‘नो’च्या नटाला निदान एक खांब तरी होता. इथं समोरून राक्षस अंगावर येणार, पायाखाली छोट्या इमारती, बाजूला दारूचे स्फोट, कधी पाण्याचं टाकं. मग मुखवट्याच्या तेजस्वी डोळ्यांच्या खालच्या बाजूला छोटी भोकं पाडण्यात आली. नीट पाहिलं तर जुन्या भागांत ती आजही दिसतात.

नारितांना ती भोकं खटकली. पाठीवरची चेन झाकायला लावलेला पर खटकला. त्याहून खटकला तो छातीवरचा दिवा. नायकाची शक्ती संपत आली, की तो निळ्याचा लाल होऊन लुकलुकतो. हा दिवा त्यांच्या मूळ रेखाटनात नव्हता. तीन मिनिटांची मर्यादा पोरांना कळावी म्हणून तो नंतर लावला गेला. कथेच्या दृष्टीनं ही सोय उत्तमच होती. पण ज्यानं एकेक गोष्ट काढून टाकत तो चेहरा आणि ते अंग मिळवलं, त्याच्या निर्मळ रूपाला आता एक दिवा, एक पर आणि दोन भोकं लागली होती.

आणि आतला माणूस? आत उष्मा, घाम, श्वास कोंडणं. मालिकेच्या नामावलीपलीकडे त्याचा चेहरा कुणालाच ठाऊक नव्हता. फुरुया यांनी पुढे एक आठवण सांगितली आहे. एकदा हे काम सोडायचंच, असं ठरवून ते निघाले. बसमध्ये काही मुलं चढली. ती आपसांत अल्ट्रामॅनबद्दल बोलत होती, बोलताना त्यांचे डोळे चमकत होते. शेजारी कोण बसलंय, हे त्यांना कुठून कळणार? फुरुयांनी राजीनाम्याचा विचार सोडून दिला. ते अखेरच्या भागापर्यंत त्या पोशाखात राहिले. पुढच्या वर्षी आलेल्या ‘अल्ट्रासेव्हन’ मालिकेत त्यांना एका जवानाची भूमिका मिळाली, मुखवट्याशिवायची.

नारिता १९६८ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. त्यांनी घडवलेलं रूप कंपनीचं झालं होतं. त्याच्यावर त्यांचा हक्क उरला नव्हता. त्याच्या बाहुल्या झाल्या, पुढच्या मालिका झाल्या, धाकटे भाऊ आले, कुणाच्या डोक्यावर शिंगं आली, कुणाला आणखी काही चिकटलं. नारितांना याची खंत वाटत राहिली, आणि त्यांनी ती लपवलीही नाही. १९८३ मध्ये त्यांनी स्वतःसाठी एक चित्र काढलं. त्याला नाव दिलं ‘सत्य, न्याय आणि सौंदर्याचा अवतार’. त्यात त्यांचा मूळ अल्ट्रामॅन उभा आहे. छातीवर दिवा नाही. २००२ मध्ये ते वारले. त्यांची मूळ रेखाटनं आज त्यांच्या आओमोरीच्या कला संग्रहालयात आहेत.

गोष्ट इथं संपली असती तर ती नेहमीची कलावंताची शोकांतिका झाली असती. पण २०२२ मध्ये ‘शिन अल्ट्रामॅन’ हा चित्रपट आला. लेखक हिदेआकी आन्नो, दिग्दर्शक शिंजी हिगुची. लहानपणी ही मालिका बघत वाढलेल्या पिढीतली ही माणसं. त्यांनी नारितांचं ते चित्रच प्रमाण मानलं. छातीवरचा दिवा काढला. पाठीवरचा पर काढला. आणि डोळ्यांखालची भोकंही बुजवली. कारण आता आत माणूस नव्हता, संगणकावर घडवलेली आकृती होती. तिला बघायला भोक लागत नाही, श्वास लागत नाही. छप्पन्न वर्षांनी आणि मृत्यूनंतर वीस वर्षांनी घडवणाऱ्याचं रूप जसंच्या तसं पडद्यावर आलं.

हे पाहून आनंद होतो. तरीही मन थोडं अडखळतं. ज्यात माणूस शिरत नाही, तो मुखवटा म्हणायचा का? ती भोकं नारितांच्या लेखी डाग होती, हे खरंच. पण त्या भोकांतून एक माणूस बाहेर बघत होता आणि त्याच्याकडे एक पिढी बघत होती. या चित्रपटाच्या कर्त्यांनाही हे जाणवलं असावं. संगणकावरच्या त्या आकृतीच्या हालचाली त्यांनी जिवंत माणसांच्या अंगावरून उचलल्या, आणि त्या माणसांत ऐंशीच्या घरात पोचलेले बिन फुरुयाही होते. भोकं बुजली, पण आतला माणूस त्यांनी बाहेर काढला नाही.

संग्रहालयात मुखवटे भिंतीवर लावलेले असतात, आपण ते समोरून बघतो आणि पुढे जातो. ७५२ सालच्या त्या गिगाकु मुखवट्यांपैकी कितीतरींच्या आतल्या बाजूला शाईनं त्या सोहळ्याची तारीख लिहिलेली आहे, आणि काहींवर ते कोरणाऱ्या कारागिराचं नावही आहे. घडवणाऱ्याचं नाव आणि घालणाऱ्याचा घाम, दोन्ही एकाच ठिकाणी, जिथं प्रेक्षकाची नजर जात नाही तिथं. आपल्या बोहाड्याचे, सोंगांचे मुखवटे कुणी घडवले आणि ते घालून रात्ररात्र कोण नाचलं, हे विचारायला आपल्याला अजून उशीर झालेला नाही. पुढच्या वेळी एखादा जुना मुखवटा हाती आला, तर तो तोंडावर धरून बघण्याआधी उलटा करून बघा.